गुलाबाच्या नावाने गेलेला नंदुरबारचा गंध

डिसेंबर लागला की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या रोपवाटिकांत काळ्या पिशव्यांमधली डायन्थसची रोपे दिसू लागतात. कडा कातरलेल्या पाकळ्यांची गुलाबी, पांढरी, लाल फुले. हौशी माणूस दोन-चार रोपे नेतो, अंगणात तुळशीशेजारी मांडतो, दोन महिने कौतुक करतो; आणि होळीच्या सुमारास ऊन चढले की रोप मान टाकते. यात रोपवाल्याची लबाडी नाही. बाजारात येणारी ही जात बहुतेक चिनी डायन्थसच्या वंशातली असते. ती एका हंगामापुरतीच लावायची असते आणि वासही तिला बेताचाच.

याच कुळातल्या सुगंधी, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या जाती मुळात युरोपच्या. निळसर राखी पानांची गादी जमिनीसरशी पसरते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्यावर लवंगेच्या वासाची फुले येतात. वास लवंगेचा, कारण लवंगेतले युजेनॉल या फुलांतही असते. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या विणकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या झाडाचा असा काही नाद घेतला की मागाशेजारच्या टीचभर वाफ्यात त्यांनी जाळीदार नक्षीच्या पाकळ्यांचे कितीतरी वाण तयार केले. कश्मिरी शालींवरच्या कोयरीची नक्कल करून जगभर विकणारे पेस्ली ते हेच.

पण त्या झाडाला हिवाळ्यात खरी थंडी लागते, चुनखडीची जमीन लागते आणि मुळाशी पाणी थांबलेले अजिबात खपत नाही. तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि जुलैत काळी जमीन आठवडाभर चिखल धरून बसते. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांवर असलेल्या तोरणमाळावर थोडी आशा धरता येईल. सातपुड्याच्या माथ्यावर कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. खाली मात्र हा खटाटोप व्यर्थ. या फुलाचा मोठा भाऊ कार्नेशन मावळात तळेगाव दाभाड्याच्या बाजूला पिकतो, पण तो हरितगृहाच्या प्लास्टिकखाली, तापमान सांभाळून आणि लग्नसराईच्या भावावर नजर ठेवून.

मग नंदुरबारच्या मातीत स्वतःहून टिकणारा, दर वर्षी फुटणारा सुगंध कोणता? मोगरा, सब्जा, मरवा, तुळस ही उत्तरे कुठल्याही महाराष्ट्रीय अंगणाची झाली. परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा गवती चहाही घरोघरी आहे. या गवती चहाचा एक सख्खा चुलतभाऊ मात्र कुंपणाच्या आत कधी आला नाही. तो सातपुड्याच्या उतारांवरच राहिला आणि तिथूनच, एकोणिसाव्या शतकात, थेट इस्तंबूलच्या अत्तरबाजारापर्यंत पोचला. त्याचे नाव रोशा. कुठे रोहिष, कुठे तिखाडी. त्याच्या तेलाला जुने व्यापारी रोशेल म्हणत.

रोशा ओळखणे अवघड नाही. पान हाताच्या बोटांत चुरडले की आधी गुलाब येतो, मग लिंबाची किंचित धार, आणि शेवटी आल्यासारखे काहीतरी रेंगाळते. पानाचा बुडखा हृदयाच्या आकाराचा असतो आणि तो काडीला मिठी मारून बसतो; गवती चहाच्या अरुंद पानापासून त्याला वेगळे काढण्याची ही सोपी खूण. पावसाळा सरता सरता माणसाच्या उंचीचे तुरे येतात, आधी फिकट, मग तांबूस. उन्हाळ्यात वर सगळे वाळते, वणवा आला तर जळून जाते, आणि पहिल्या पावसात त्याच गड्ड्यातून हिरवे कोंब येतात. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. यातला मार्टिन म्हणजे लखनौचा तो प्रसिद्ध फ्रेंच जनरल क्लॉड मार्टिन, ज्याच्या पैशावर ला मार्टिनियर शाळा उभ्या राहिल्या. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धाच्या काळात बालाघाटाच्या डोंगरात त्याने पाहिले की गुरे या गवतावर तुटून पडतात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास लागतो. त्याने बी गोळा करून पाठवले, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने त्याचे नाव गवताला दिले. आपल्या वैद्यांना अर्थातच ते आधीपासून माहीत होते. भावप्रकाशात कत्तृण, रोहिष अशा नावांनी ते येतेच.

नंदुरबारला सुगंधाचा व्यापार नवा नव्हता, कारण नंदुरबार मुळात वाटेवरचे गाव. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता दौलताबादहून खंबायतेकडे निघाला तेव्हा तो इथून गेला. त्याने लिहून ठेवले की इथे मराठे राहतात, त्यांत कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, आणि त्यांचे जेवण भात, भाजी आणि तिळाचे तेल. सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचे मोठे बंदर झाले आणि सुरतेहून बुऱ्हाणपुरामार्गे आग्ऱ्याला जाणाऱ्या मालाची रीघ नवापूर-नंदुरबारवरून लागली. इंग्रजांनी याच शतकात नंदुरबारला वखार घातली.

त्या रस्त्यावरून अनेकदा गेलेल्या झां बाप्तिस्त ताव्हर्नियेने, म्हणजे हिऱ्यांच्या त्या फ्रेंच व्यापाऱ्याने, नवापूरविषयी जे लिहिले ते आजच्या नवापूरकरांनी मुद्दाम वाचावे असे आहे. गावात विणकर पुष्कळ, पण मुख्य व्यापार तांदळाचा. इथल्या तांदळाचा दाणा नेहमीच्या तांदळापेक्षा बराच बारीक, शिजल्यावर बर्फाहून पांढरा, आणि वर कस्तुरीचा वास. हिंदुस्थानातले अमीर-उमराव दुसरा तांदूळ खात नाहीत आणि इराणात कुणाला नजराणा द्यायचा तर या तांदळाची एक गोणी न्यावी, असे तो सांगतो. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ मध्ये पॅरिसला छापला गेला. हिऱ्यामाणकांच्या पारख्याने भाताच्या वासावर एवढी शाई खर्चावी, यावरून त्या भाताची प्रत कळते.

रस्ता असा वाहता, जंगल असे वासाचे. दोन्हींची गाठ पडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. मराठेशाहीच्या अखेरच्या धामधुमीत खानदेश उद्ध्वस्त झाला होता. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा नंदुरबार निम्मे ओसाड होते. १८२० च्या दशकात निमाडातल्या गवताच्या तेलाची माहिती इंग्रज डॉक्टरांनी कलकत्त्याच्या वैद्यकीय मंडळींना कळवली. संधिवातावर चोळायला आणि टक्कल पडू नये म्हणून डोक्याला लावायला लोक हे तेल वापरतात, असे टिपण त्यांनी केले. निमाड म्हणजे सातपुड्यापलीकडचे नर्मदेचे खोरे. गवत मात्र डोंगराच्या दोन्ही बाजूंना सारखेच होते. पश्चिम खानदेशात तेल गाळण्याची सुरुवात पिंपळनेरच्या बाजूला झाली आणि तिथून ती नंदुरबार, शहादा, तळोदा आणि अक्राणी महालात पसरली.

१८८० मध्ये जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशचा खंड निघाला. त्यात आणि पुढे विल्यम डायमॉक यांच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथांत या उद्योगाचे जे वर्णन आहे, ते इतके तपशिलाचे आहे की आजही त्यावरून भट्टी लावता येईल.

तेल गाळणारे मुख्यतः मुसलमान. पावसाळा सरताना, गवत फुलोऱ्यावर आले की ते भिल्लांकडून भारे विकत घेत. भट्टी लागे ती वाहत्या ओढ्याच्या काठावर, दगडांची ओबडधोबड चूल मांडून. चुलीवर मोठी लोखंडी कढई. तिच्यात थोडे पाणी आणि मग काठोकाठ गवत दाबून भरायचे. वर लाकडी झाकण, आणि झाकणाची फट उडदाच्या पिठाने लिंपून घ्यायची, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. झाकणाला भोक, भोकात सुतळी गुंडाळलेली पोकळ बांबूची नळी, आणि नळीचे दुसरे टोक ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवून ठेवलेल्या बंद भांड्यात. खाली जाळ झाला की वाफ बांबूतून त्या भांड्यात जाते, थंड होते आणि पाण्यावर पिवळसर तेलाचा तवंग धरतो. तो वरच्या वर काढून घ्यायचा. गाळून झालेले गवत वाळवून पुन्हा त्याच चुलीत. जळणाचा खर्च त्यामुळे वाचे.

हे वाचताना सातपुड्याची ओळख असलेल्याला लगेच दुसरी भट्टी आठवेल. मडके, नळी, लिंपण, ओढ्याचे थंड पाणी: मोहाची दारू गाळण्याची तऱ्हा हीच. या डोंगरात गाळणीची विद्या कुणाला अत्तरांच्या कनोजहून येऊन शिकवावी लागली नसती. पण त्याच वर्षांत दोन कायदे आले. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरगुती मोहाच्या भट्टीवर सरकारचा पहारा बसला. १८७८ च्याच भारतीय वन कायद्याने जंगलाची मालकी आखून घेतली गेली, आणि डोंगरउतारावरचे गवत हळूहळू जंगल-उत्पन्नाचे कलम झाले. ज्याच्या परसात मोह उभा, त्याने फूल गाळले तर गुन्हा; ज्याने परवाना काढला, त्याने गवत गाळले तर उद्योग. भिल्लाच्या वाट्याला या सुगंधी धंद्यातले आले ते विळ्याने गवत कापणे आणि डोक्यावरून भारा खाली आणणे.

किती भारे? १८७९-८० च्या हंगामात खानदेशात १९७ भट्ट्या चालल्या आणि त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास तेल निघाले. डायमॉक यांनी खानदेशातून गवत मागवून मुंबईत स्वतःच्या देखरेखीखाली गाळून पाहिले होते. पावणेचारशे पौंडांच्या आसपास गवतातून जेमतेम सव्वा ते दीड पौंड तेल हाती आले. त्या प्रमाणात हिशेब केला तर एका हंगामात हजार टनांच्या घरात गवत कापले गेले असणार. तेही विळ्याने, डोंगरउतारावर, पाठीवर ऑक्टोबरचे ऊन घेऊन.

भट्ट्या याहून पुष्कळ वाढल्या असत्या. गवताची किंवा गिऱ्हाइकाची वाण नव्हती. अडचण होती ती पाण्याची. तेल थंड व्हायला ओढा वाहता हवा, आणि खानदेशातले लहान ओढेनाले हिवाळा सरायच्या आत कोरडे पडतात. म्हणून ज्या ओढ्याला पाणी टिके, त्याचीच जागा भट्टीवाले धरत. आज धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर फेब्रुवारीनंतर पाण्यासाठी होणारी पायपीट पाहिली तर हा जुना अडसर समजायला वेळ लागत नाही.

तेल भरायचे ते चामड्याच्या बुधल्यांत. बैलांच्या पाठीवर बुधले लादून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला, नाहीतर धुळ्यावरून मनमाडला आणि तिथून रेल्वेने मुंबईला. आजही धुळे-सुरत महामार्गाने जाणारा प्रत्येक ट्रक त्याच कोंडाईबारीतून उतरतो. वाटेत आणि बाजारात भेसळ ठरलेली: टर्पेंटाइन, भुईमुगाचे तेल, अळशीचे तेल. मुंबईच्या दलालाला शुद्ध रोशेल क्वचितच दिसे, आणि जे दिसे त्यावर त्याचा विश्वास नसे.

मुंबईतून हे तेल विलायतेला जाई, आणि तांबड्या समुद्राच्या बंदरांनाही. १८६० च्या दशकातल्या एका वर्षाच्या निर्यातीचा आकडा चाळीस हजार पौंडांहून अधिक आहे. त्यात खानदेशाबरोबर निमाड, वऱ्हाड आणि इतर मुलखांचेही तेल होते. जिद्दा आणि तिथून इस्तंबूल. इथे पोचल्यावर मात्र रोशेलचे रोशेलपण संपे. तुर्की व्यापारी ते डिंकाच्या पाण्यात घुसळत, उन्हात ठेवून त्याचा पिवळेपणा उतरवत, आणि मग ते बल्गेरियातल्या कझानलिकच्या गुलाबखोऱ्यात जाई. कझानलिक म्हणजे जगातल्या सर्वांत महाग गुलाबअत्तराचे माहेर. तिथले काही उत्पादक गुलाबाच्या पाकळ्या भट्टीत घालण्याआधीच त्यांच्यावर हे तेल शिंपडत. अत्तर निघे ते दोन्हींचे मिळून, आणि बाटलीवर नाव एकट्या गुलाबाचे.

ही फसवणूक इतकी बेमालूम का होई, याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या गवताच्या तेलातूनच जिरॅनिऑल हा सुगंधी मद्यार्क पहिल्यांदा वेगळा काढला. चांगल्या रोशेलमध्ये जिरॅनिऑलचे प्रमाण ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत असते. गुलाबाच्या अत्तरातही तोच एक मुख्य घटक. म्हणजे मिसळणारा गुलाबात परके काही घालत नव्हता. गुलाबाचाच एक अंश, सातपुड्याच्या उतारावरून आलेला, स्वस्तात वाढवत होता. युरोपातले पारखी मग थंडीने परीक्षा करू लागले. अस्सल गुलाबअत्तरात मेणासारखा पदार्थ असतो, त्यामुळे हवा थोडी गार झाली की ते बाटलीतच गोठते. रोशेल मिसळलेले अत्तर लवकर गोठत नाही. भेसळ करणाऱ्यांनी त्यावर व्हेल माशाच्या डोक्यातले मेण घालून गोठण्याचीही सोय केली. चोर आणि कोतवालाची ही शर्यत काही दशके चालली.

बाजारात या तेलाला नावे मिळाली तीही उसनी. कधी ते तुर्की जिरेनियम तेल, कधी हिंदी जिरेनियम तेल, पुढे पामारोझा. जिरेनियमशी त्याचा संबंध वासापुरता. तुर्कस्तानशी संबंध एवढाच की ते तिथल्या बंदरात उतरे. पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा ही नावे फक्त गॅझेटियरमध्ये आणि औषधी ग्रंथांच्या बारीक टाइपात राहिली. दार्जिलिंगच्या चहाला, मैसूरच्या चंदनाला जे गावाचे नाव लागले, ते पश्चिम खानदेशच्या तेलाला लागले नाही. याचा दोष तुर्की व्यापाऱ्यावर टाकणे सोपे आहे. पण आपल्या पेढ्यांनीही तेल बुधल्यांत भरताना ते कुठल्या डोंगरातले, याची खूण ठेवली नाही. भेसळीच्या धंद्यात मूळगाव सांगून कुणाचा फायदा होत नव्हता.

तेलाच्या दोन प्रतींचे कोडे मात्र बरेच दिवस सुटले नव्हते. एक प्रत मोतिया: गोड, गुलाबी, महाग. दुसरी सोफिया: उग्र, आल्याच्या वासाची, स्वस्त. भट्टीवाले सांगत की गवत एकच; कोवळे, फिकट तुऱ्याचे असताना कापले तर मोतिया, पिकून तांबडे झाले की सोफिया. पुस्तकांनी तेच उतरवून घेतले. १९०९ मध्ये आय. एच. बर्किल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की हे दोन वेगळे प्रकार आहेत. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर सुटासुटा वाढतो. सोफिया खालच्या, ओलसर, सावलीच्या जागी दाट माजतो. दिसायला दोघांत फरक नसल्यासारखाच. वास घेतल्याखेरीज सांगता येत नाही. गवत कापणाऱ्याला कुठल्या टेकाडावरचा भारा गोड आणि कुठल्या नाल्यातला तिखट, हे हाताला माहीत असणार. ते कुणी त्याला विचारून लिहून घेतले नाही.

उतरण आधीच सुरू झाली होती. गॅझेटियरच्याच काळात नोंद आहे की हे गवत पूर्वी सगळ्या पश्चिम खानदेशात माजलेले असे, पण नांगराखालची जमीन वाढली तसे ते आक्रसत गेले. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेशातली पडीक जमीन झपाट्याने लागवडीखाली आली. तापीकाठची सपाटी आधी गेली; शहादा-तळोद्याची ती सुपीक जमीन आदिवासींच्या हातून कशी सुटली, ती वेगळी आणि कडू कहाणी आहे, जी १९७० च्या दशकात शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या लढ्यात उफाळून आली. गवत मागे सरकत डोंगरात गेले. १९०० च्या सुमारास सुरत-जळगाव रेल्वेमार्ग झाला, नंदुरबारला स्टेशन आले आणि बैलांच्या पाठीवरचे बुधले संपले. तोवर वाहतुकीची अडचण मिटली तरी कापायचे गवतच पूर्वीइतके राहिले नव्हते. विसाव्या शतकात जिरॅनिऑल कारखान्यात तयार होऊ लागले. साबणाला गुलाबाचा वास द्यायला मग कुणी अक्राणीचा डोंगर चढेना.

१९०६ मध्ये खानदेशचे पूर्व-पश्चिम दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशचा पुढे धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात ६९ टक्क्यांच्या आसपास लोक अनुसूचित जमातींचे आहेत: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी. जिल्ह्याची ओळख आज मिरचीच्या पथाऱ्यांनी, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराने आणि धडगावच्या आमचूराने होते. रोशेल या ओळखीत नाही. गवत मात्र आहे. सातपुड्याच्या उतारांवर ते आजही फुटते, गुरे खातात, उन्हाळ्यात जळते, पुन्हा येते.

आणि बाजारही मेलेला नाही. कारखान्यात बनवलेल्या जिरॅनिऑलला नैसर्गिक तेलाची खोली येत नाही, म्हणून अत्तर आणि सौंदर्यप्रसाधनांचे उत्पादक अजूनही पामारोझा मागतात. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, त्याचे पीआरसी-१, तृष्णा असे सुधारित वाण काढले आहेत, आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या अरोमा मिशनमध्ये कोरडवाहू, हलक्या जमिनीसाठी या गवताची शिफारस होते. एकदा लावले की चार-पाच वर्षे कापणी देते, वर्षातून दोन-तीनदा. गाळणीच्या भट्टीला आता लोखंडी कढई आणि उडदाचे पीठ लागत नाही. स्टीलचे संयंत्र असते, थंड करायला टाकीतले पाणी पुरते, आणि म्हणून १८८० ची ओढ्याची अडचण आज तितकी राहिलेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती आणि इतर गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या सातपुड्यातल्या एखाद्या ग्रामसभेने भट्टी घातली, तर भारा विकणाऱ्याऐवजी तेल विकणारा तिथला माणूस असेल. दीडशे वर्षांत हा धंदा अनेकांनी केला, त्या डोंगरातल्या माणसाने मालक म्हणून एकदाही केला नाही. तो त्याचा पहिला हक्क होता, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

घरच्या बागेपुरते बोलायचे तर रोशाला लाड नकोत. तो डायन्थससारखी जमिनीलगत गादी करत नाही. पानांचा झुबका मांडीएवढा आणि तुरे माणसाच्या उंचीचे, म्हणून त्याची जागा कुंडीत नको, कुंपणालगत हवी. बी अगदी बारीक असते. मे महिन्याच्या अखेरीस ते वाळूत मिसळून वाफ्यात फोकायचे, पावसाने जम धरला की वीतभर झालेली रोपे दोन-दोन फुटांवर लावायची. जुना गड्डा मिळाला तर गवती चहासारखा फोडूनही लावता येतो, पण बियांची रोपे अधिक जोमदार होतात. जागा उन्हाची आणि पाणी न साचणारी हवी; काळ्या जमिनीत असल्यास मुरूम घालून वरंबा उंच करावा. पहिल्या वर्षी तण काढावे लागते, पुढे ते स्वतःच तणाला जागा देत नाही. दिवाळीच्या आसपास तुरे आले की जमिनीपासून वीतभर वर कापावे, कारण तेलाचा मुख्य साठा तुऱ्यात आणि पानांत असतो, जाड काडीत नसतो. कापलेल्या जुड्या सावलीत वाळवून कपाटात ठेवल्या तर कपड्यांना मंद गुलाबाचा वास लागतो. उन्हाळ्यात वरचे सगळे वाळले तर घाबरून उपटू नये.

यंदा रोपवाटिकेत डायन्थस घ्यायला जाल तेव्हा रोशाचे, मोतिया प्रकारचे रोप विचारा. बहुधा नसेल. चार जणांनी विचारले तर पुढच्या पावसाळ्यात रोपवाला आणून ठेवील.